बोनेअरला आठ दिवस: ट्रकमध्ये टँक आणि रस्त्याकडेचे पिवळे दगड

मार्चमध्ये ह्यूस्टनहून आम्ही नऊ जण कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जाऊन आलो, सहा डायव्हर आणि तिघं नुसते स्नॉर्केल (नळीने श्वास घेत वरवर पोहणं) आणि फिरायला. बरेच जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहितोय. आपली मंडळी अरुबा करून येतात आणि जवळचं हे बेट राहूनच जातं, पण ज्याला पाण्याखालचं बघायचंय त्याने इथेच यावं असं माझं ठाम मत झालंय.

इथे डाईव्हसाठी बोटीची गरज नाही, हीच सगळ्यात मोठी गोष्ट. कोरलचं (प्रवाळांचं) रीफ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुरू होतं, रस्त्याच्या कडेला पिवळ्या दगडांवर डाईव्ह साइटचं नाव लिहिलेलं असतं, पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, सकाळी हवेचे टँक भरून घ्यायचे, दगड दिसला की गाडी लावून उतरायचं. कुणी घाई करत नाही, गाईडच्या मागे धावायचं नाही. पण याचाच अर्थ असा की हवा किती उरली, परत कुठून यायचं हे सगळं तुमचं तुम्हाला बघावं लागतं, त्यामुळे ज्यांचं सर्टिफिकेशन नुकतंच झालंय त्यांनी पहिले दोन दिवस तरी गाईड घ्या, आम्ही घेतला आणि पैसे सत्कारणी लागले.

1979 पासून बेटाभोवतीचं पाणी मरीन पार्क आहे. नेचर फी आम्ही माणशी 40 डॉलर भरली, शिवाय बेटावर येण्याचा कर 75 डॉलर, दोन्ही आधीच ऑनलाइन भरून ठेवा. डायव्हरना पहिल्यांदा ओरिएंटेशन (नियमांची माहिती) आणि चेकआउट डाईव्ह, म्हणजे सुरुवातीची चाचणी डाईव्ह, करावीच लागते. ग्लोव्ह्जला बंदी आहे. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेलं सनस्क्रीनही चालत नाही, फुल बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा घट्ट शर्ट) न्या म्हणजे प्रश्नच मिटला.

बूट मात्र जाड तळव्याचेच घ्या. किनाऱ्यावर वाळू कमी आणि मेलेल्या कोरलचे तुकडेच जास्त, माझा मेहुणा पातळ बुटांवर उतरला, पाय मुरगळला आणि बिचाऱ्याचे दोन दिवस गेले. दुसरं म्हणजे ट्रकमध्ये पाकीट, फोन, पासपोर्ट काहीही ठेवायचं नाही, तिथले लोक दारं लॉकसुद्धा करू नका म्हणतात, नाहीतर काच फुटते.

हिल्मा हूकर हे 72 मीटरचं जहाज 1984 मध्ये बुडालं, आता ते साधारण 30 मीटर खोलीवर आडवं पडलेलं आहे, अ‍ॅडव्हान्स्ड डायव्हर असाल तर जरूर करा. पण मला विचाराल तर सॉल्ट पिअर! मिठाच्या धक्क्याचे खांब स्पंज आणि कोरलने मढलेत, वरून ऊन तिरकं येतं आणि मधून माशांचे थवे जातात, मी नुसता तरंगत राहिलो. धक्क्याला जहाज लागलं असेल तर तिथे डाईव्ह करता येत नाही, म्हणून आधी चौकशी करा. नाइट डाईव्हला माणसाएवढे टार्पन मासे आपल्या टॉर्चच्या उजेडात शिकार करायला अगदी खांद्याजवळून जातात, पहिल्यांदा छातीत धस्स होतं, पण ते आपल्याला काही करत नाहीत.

एक वाईट वाटण्यासारखं सांगायलाच हवं. 2023 मध्ये इथे कोरलचा एक रोग आलाय, स्टोनी कोरल टिश्यू लॉस. एवढे मोठे जुने ब्रेन कोरल आणि त्यावर पांढरे चट्टे, बघून पोटात कालवलं. तेव्हा गिअर नीट निर्जंतुक करूनच न्या आणि एखादी साइट बंद असेल तर हट्ट करू नका.

विमानाच्या आधी 24 तास डाईव्ह नको, म्हणून शेवटचा दिवस फिरण्याचा. दक्षिणेला गुलाबी मिठागरं आणि फ्लेमिंगो. तिथेच 1850 मध्ये बांधलेल्या गुलामांच्या खोल्या आहेत, दारं इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागतं, उभंही राहता येत नाही. मिठागरात राबणारी ती माणसं आठवड्याअखेर रिंकोन गावाला घरी जायला कित्येक तास चालायची. माझी मुलगी आत बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मुलांना घेऊन जात असाल तर तिथे अर्धा तास तरी ठेवा, गाडीतूनच फोटो काढून पुढे जाऊ नका.

जेवणात शाकाहारी लोकांचे हाल होऊ शकतात, आम्ही किचनवालं अपार्टमेंट घेतलं होतं, थालीपीठ भाजणी आणि मसाले घरून नेले. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. आणि ट्रक आधीच बुक करा, आम्हाला दुसरा मिळाला नाही म्हणून नऊ जणांना दोन-दोन खेपा कराव्या लागल्या.