कुरकुर कुठून नाही, कधी येते ते बघा

चिखलातून फिरून आल्यावर सायकल धुतली, पुसली, साखळीला तेल दिलं आणि पुढच्याच राइडला चढ लागल्याबरोबर खालून आवाज सुरू झाला. प्रत्येक पॅडलला एक कुर्र. सपाटीवर गप्प, उतारावर गप्प, चढ आला की परत चालू. दम लागलेला असताना आपल्याच सायकलचा आवाज किती डोक्यात जातो, हे ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत.

कुरकुर म्हटलं की जो तो बॉटम ब्रॅकेटकडे, म्हणजे क्रँक (पॅडलचे दांडे) ज्यावर फिरतात त्या मधल्या बेअरिंगकडे, बोट दाखवतो. मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. आवाज तिथूनच आल्यासारखा वाटतो हे खरं. पण फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात, त्यामुळे एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला निघतो, आणि पॅडल मारणाऱ्याच्या कानाला सगळं मधूनच आल्यासारखं वाटतं. त्यातून बॉटम ब्रॅकेट काढायचं तर खास हत्यार लागतं. म्हणून मी ठरवलं की ज्याला फक्त अ‍ॅलन की (षटकोनी चावी) लागते ते सगळं आधी तपासायचं. आणि आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो, कधी येत नाही, हे आधी नीट बघायचं.

चढावर सीटवरून उठून पॅडल मारलं. आवाज तसाच. म्हणजे सीट, तिचे रूळ आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) संशयातून सुटले. (बसल्यावर येतो आणि उठल्यावर थांबतो, तर गुन्हेगार बहुतेक तिथेच असतो. पोस्ट बाहेर काढायची, पोस्ट आणि नळी आतून पुसायची, धातूची असेल तर ग्रीस लावायचं. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस नाही, त्यासाठी वेगळी, बारीक कणांची पेस्ट मिळते.) मग उभं राहून, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली. हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) दोन्ही शांत.

पॅडल्स काढून आटे पुसले, ग्रीस लावून परत बसवले. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे ज्याला ठाऊक नसतं तो पाना लावून तिथेच झगडत बसतो. घट्ट करताना साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटर, म्हणजे चांगलाच जोर लागतो. चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्टही आवळून बघितले. चढावर गेलो, तर आवाज होता तसाच.

मग घरी सायकल भिंतीला टेकवली, मागचा ब्रेक पक्का धरला आणि उजवं पॅडल समोर आडवं आणून त्यावर पायाने जोर दिला. कुर्र! राइडवर जे ऐकत होतो ते आता जागेवर, पाहिजे तेव्हा ऐकता येत होतं. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. पॅडल कुणालातरी दाबायला सांगितलं आणि मी एकेका जोडावर बोटं ठेवत गेलो. बॉटम ब्रॅकेटच्या कपवर काही नाही. क्रँकवर काही नाही. मागच्या चाकाच्या उजव्या टोकाशी, जिथे डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा) फ्रेमला बसतो, तिथे मात्र बोटाखाली बारीकसा टिक्, आणि त्याच क्षणी आवाज.

चाक काढलं, डिरेलर सोडवला, हँगरचे दोन छोटे स्क्रू काढले. हँगरच्या पाठीवर राखाडी पातळ थर होता, वाळलेली माती आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. एका बाजूला घासून चकचकीत झालेला पट्टा. पॅडलवर जोर आला की हा जोड केसभर सरकायचा, अडकायचा, परत सरकायचा. आवाज म्हणजे तेवढंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसल्या, मध्ये ग्रीसचा पातळ हात दिला, स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना थ्रेडलॉक लावला. थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा आस) कोरडा ठणठणीत होता, त्यालाही ग्रीस लावून त्याच्यावर छापलेल्या टॉर्कइतका (आवळायच्या जोराइतका) आवळला.

चढावर पूर्ण शांतता. आणि त्या शांततेत दुसरा एक आवाज ऐकू आला, जो इतके दिवस पहिल्याच्या आड लपला होता. हा जाडसर, संथ, आणि पॅडल न मारता दगडांवरून जातानाही येणारा. म्हणजे क्रँकशी संबंध नाही, सस्पेन्शन.

इथे पिव्हटचे, म्हणजे फ्रेमचा मागचा त्रिकोण ज्या सांध्यांवर हलतो त्यांचे, सगळे बोल्ट खोलायच्या आधी एक सोपी गोष्ट करता येते. शॉकमधला (मागचे धक्के शोषणाऱ्या नळीतला) हवेचा दाब लिहून ठेवला, हवा सोडली, शॉक दोन्ही टोकांनी सोडवला आणि मागचा त्रिकोण नुसता हाताने वरखाली केला. लोण्यासारखा हलला, आवाज नाही, आडवा खेळही नाही. म्हणजे पिव्हट ठीक. उरला शॉकचा स्वतःचा जोड. खालच्या बुशिंगमधला (बोल्टभोवतीच्या कड्यातला) स्पेसर काढला तर त्याच्याभोवती रेतीच निघाली. पुसून, हलकं ग्रीस लावून बसवलं, बोल्ट फ्रेमच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळले, लिहून ठेवलेला दाब परत भरला. तोही आवाज गेला.

तेलाचा स्प्रे मारून बघ, असा सल्लाही या काळात बऱ्याचदा मिळाला. स्प्रेने आवाज एखाद-दोन राइड दबतो, घाण मात्र जोडात आणखी आत जाते. आणि डिस्कवर चार थेंब उडाले तर ब्रेक पॅड कामातून जातात, मग कुरकुरीच्या जागी ब्रेकचं किंचाळणं ऐकत बसा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) मात्र घ्यावा असं मी म्हणेन. आवाज आला की आवळ बोल्ट, या सवयीने स्टेमचे आटे जातात, हँडलबार कार्बनचा असेल तर तो चिरडतो, आणि आवाज सैलपणाचा नसून कोरडेपणाचा असेल तर आवळूनही जात नाही.

बॉटम ब्रॅकेट अजून जागेवरच आहे, कंपनीतून आला तसा.