जेम्स म्हणजेच याकोब

ब्रिटनचा इतिहास वाचताना एका शब्दाला मी कायम अडखळायचे. १६८८ साली राजा दुसरा जेम्स याची गादी गेली आणि ती त्याच्या घराण्याला परत मिळावी म्हणून पुढे १७४६ च्या कलोडनच्या लढाईपर्यंत जे लोक झगडले त्यांना म्हणतात जॅकोबाइट. आता राजाचं नाव जेम्स, मग त्याच्या माणसांच्या नावात हा जॅकोब कुठून आला? शेवटी एकदा नीट शोधायला बसले आणि कळलं की जेम्स आणि जेकब हे मुळात एकच नाव आहे. म्हणजे अर्थ सारखा वगैरे नाही, एकच नाव, दोन वाटांनी इंग्रजीत आलेलं. पहिल्या जेम्सच्या नाण्यांवर तर जेम्स लिहिलेलंच नाहीये, लॅटिनमध्ये याकोबुस लिहिलंय आणि जॅकोबाइट तिथून आला.

हे कळल्यावर तिथेच थांबता येईना, कारण खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता, की याकोबुसचा जेम्स झाला कसा, त्यात तो 'म' आलाच कुठून?

मूळ नाव हिब्रू, याआकोव. बायबलमधली गोष्ट अशी की इसहाक आणि रिबेकाला जुळे मुलगे झाले, एसाव आधी बाहेर आला आणि दुसरा त्याची टाच धरून आला. हिब्रूत टाचेला आकेव म्हणतात, म्हणून त्या दुसऱ्याचं नाव याआकोव, टाच धरणारा. काही अभ्यासकांना वाटतं की ही गोष्ट नाव रूढ झाल्यावर जोडलेली असावी आणि मूळ नाव 'देव रक्षण करो' अशा अर्थाचं लांब नाव असावं. मला दोन्ही पटतं, पण टाचेची गोष्ट जास्त लक्षात राहते. आपल्याला ओळखीचं याकूब हे त्याचंच अरबी रूप.

ग्रीकमध्ये गेल्यावर मात्र एक बारीकशी गोष्ट घडली आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या (येशूच्या आधीच्या भागातल्या) त्या टाच धरणाऱ्या मूळ पुरुषाचं नाव ग्रीक लिहिणाऱ्यांनी आहे तसं, प्रत्यय न लावता इआकोब ठेवलं, पण नव्या करारातल्या माणसांना, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांत या नावाचे दोघे होते त्यांना वगैरे, ग्रीक शेपूट लावून इआकोबोस केलं. लॅटिनमध्ये याचं याकोबुस झालं. आता शिष्य म्हणजे संत, त्यांच्या नावाची देवळं, त्यांचे सण, त्यांची नावं पोरांना ठेवणार, त्यामुळे हे नाव लोकांच्या तोंडात हजार वर्षं घोळत राहिलं आणि मूळ पुरुषाचं नाव पोथीतच राहिलं. पोथीतलं नाव बदलत नाही, तोंडातलं बदलतं.

आता तो 'म'. बोलीतल्या लॅटिनमध्ये याकोबुसचं याकोमुस असं एक रूप झालं. आपली वर्णमाला आठवा, प फ ब भ म, सगळे ओठांचे वर्ण, एकाच ओळीतले, त्यामुळे ब वरून म वर जाणं म्हणजे शेजारच्या घरात जाण्यासारखं. आणि सुरुवातीच्या य चा ज होणं तर आपल्याला नवीन नाहीच, यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तीच गंमत तिकडे इटली आणि फ्रान्समध्ये. इटालियनमध्ये तर दोन्ही मुक्काम अजून जिवंत आहेत, जाकोमो (संगीतकार पुच्चिनी हा जाकोमो) आणि याकोपो (चित्रकार टिंटोरेटोचं खरं नाव याकोपो रोबुस्ती), आणि बायबलमधला मूळ पुरुष तिसराच, जाकोब्बे.

जुन्या फ्रेंचमध्ये ब वाल्या रूपापासून जाक झालं आणि म वाल्या रूपापासून जेम्स. १०६६ नंतर नॉर्मन लोक इंग्लंडमध्ये आले त्यांच्या बोलीतून जेम्स इंग्रजीत गेलं आणि रुजलं, फ्रान्समध्ये मात्र जाक जिंकलं. इतकं जिंकलं की साध्या शेतकऱ्याला सरसकट जाक म्हणायचे आणि १३५८ च्या शेतकऱ्यांच्या उठावाला इतिहासात जाकरी असं नाव पडलं. आपण थंडीत घालतो ते जॅकेट, तो शब्दही बहुतेक या शेतकरी जाकच्या अंगरख्यावरूनच आला असं कोशकार मानतात. इंग्रजीतला जॅक मात्र यातला नाही बरं का, दिसतो जाकसारखा पण तो जॉनचं लाडाचं रूप आहे. जेम्सचं लाडाचं रूप जिम.

स्पेनमध्ये या नावाचं जे झालंय ते मला सगळ्यात आवडतं. तिथे क चा ग झाला (आपल्याकडे प्रकटचं प्रगट झालं तसाच) आणि शेवटचा ब झिजून गेला, उरलं यागो. त्याच्या आधी संत, म्हणजे सांत यागो, दोन्ही मिळून सांतियागो. स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिसियात याकोब या शिष्याची कबर सापडली असं नवव्या शतकात मानलं गेलं आणि तेव्हापासून युरोपभरातून लोक चालत सांतियागो दे कोंपोस्तेलाला जातायत, चिलीची राजधानी १५४१ मध्ये वसवली तिलाही हेच नाव. पण मग लोकांनी हा संधी चुकीच्या जागी सोडवला, सांत अधिक यागो ऐवजी सान अधिक तियागो, आणि पोर्तुगीजमध्ये तियागो हे स्वतंत्र नाव होऊन बसलं, आज ठेवतात मुलांना. म्हणजे त्यातला त हा खरं तर संत शब्दाचा शेवटचा त आहे! दिएगो सुद्धा असाच झाला असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं, पण जुन्या लॅटिन कागदपत्रांत दिएगोसाठी दिदाकुस असं रूप येतं म्हणून बरेच अभ्यासक ते मानत नाहीत, मीही त्याला या घराण्यात धरत नाही.

स्पॅनिशमध्ये म वाली शाखाही आहे, हाइमे. कॅटलानमध्ये तेच जाउमे, आणि १२२९ मध्ये मायोर्का जिंकणारा अरागोनचा राजा जाउमे याचं नाव जुन्या लिखाणात जाक्मे असं सापडतं, त्यात क आणि म दोन्ही शेजारी शेजारी उभे. ते बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही, कारण अख्खा प्रवास त्या एका शब्दात थांबून राहिलाय. याच राजाला इंग्रजी पुस्तकं जेम्स म्हणतात, स्पॅनिश हाइमे, जर्मन याकोब.

स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत जेम्सचं शेमस झालं. पण गेलिकमध्ये हाक मारताना नावाचं रूप बदलतं, आपण बाळला बाळा म्हणतो, मुलाला अरे मुला म्हणतो तसं, फक्त तिकडे पहिलं अक्षरही बदलतं. शेमसला हाक मारायची तर 'अ हेमिश'. इंग्रजी बोलणाऱ्यांनी हाक ऐकली आणि तेच नाव समजून घेतलं, आणि हेमिश हे वेगळं नाव तयार झालं. म्हणजे नुसत्या संबोधन विभक्तीतून जन्मलेलं नाव!

पूर्वेकडे गेलं की आणखी एक गोष्ट दिसते. पोलिश आणि चेकमध्ये याकुब (घरात कुबा), रशियनमध्ये याकोव्ह (घरात याशा). एकीकडे ब आणि एकीकडे व्ह, कारण पोलंड-बोहेमियाचा धर्म लॅटिनमधून आला आणि रशियाचा ग्रीकमधून, आणि तोपर्यंत ग्रीक लोक ते अक्षर ब ऐवजी व्ह म्हणायला लागले होते. हा नियम अगदी काटेकोर नाही, क्रोएशिया कॅथलिक असूनही तिथे याकोव्ह आहे आणि रोमानिया ऑर्थोडॉक्स असून याकोब. बाकी डच याप, डॅनिश येप्पे आणि इब, फिनिश याक्को, हंगेरियन याकाब, वेल्श यागो ही सगळी याच घरातली.

आणि परत इंग्रजी. १६११ सालचं ते प्रसिद्ध बायबल, ज्याला किंग जेम्सचं बायबल म्हणतात, त्यात मूळ पुरुष जेकब आहे आणि शिष्य जेम्स. म्हणजे शिष्याच्या आईवडिलांनी पोराला आपल्या पूर्वजाचं नाव ठेवलं होतं हे इंग्रजी वाचणाऱ्याला पान कितीही वेळा वाचलं तरी दिसत नाही. मराठी बायबल मुद्दाम काढून बघितलं. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात इसहाकाचा मुलगा याकोब, आणि चौथ्या अध्यायात जाळी नीट करत बसलेला जब्दीचा मुलगा, तोही याकोबच.