कोलटकरांच्या सहीची ‘जेजुरी’ मिळवताना

कवी अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहाची, त्यांची स्वाक्षरी असलेली प्रत आपल्या संग्रही असावी ही माझी इच्छा जुनी होती. पण ती पुरी व्हायला दीड वर्ष लागले आणि त्यातले पहिले सहा महिने निव्वळ माझ्या घाईपायी वाया गेले.

जुनी पुस्तके विकणाऱ्या एका गृहस्थांनी ‘पहिली आवृत्ती, कवीच्या सहीसह’ असे कळवून २२,००० रुपये किंमत सांगितली. त्यांनी पाठवलेला फोटो फक्त सहीच्या पानाचा होता आणि मी तेवढ्यावर ५,००० रुपये विसार देऊन मोकळा झालो. प्रत हातात घेऊन आतले पान उलटले, तेव्हा प्रकाशक म्हणून ‘प्रास प्रकाशन’ हे नाव दिसले. ‘जेजुरी’ची पहिली आवृत्ती १९७६ साली ‘क्लिअरिंग हाउस’ने काढली, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर या चार कवींनी आपली पुस्तके आपणच छापावीत म्हणून उभी केलेली ती संस्था. ‘प्रास’च्या आवृत्त्या त्यानंतरच्या. इथे सहीखाली मात्र ठसठशीत १९७६ हे साल घातलेले होते, म्हणजे पुस्तक छापून होण्याआधीच त्यावर सही झाली होती! विसार परत मिळायला दोन महिने आणि अकरा फोन लागले.

त्यानंतर मी पद्धत बदलली. सहीचे पान, प्रकाशनाचा तपशील असलेले पान आणि दोन्ही बाजूंची मुखपृष्ठे यांचे दिवसाउजेडी काढलेले फोटो आल्याशिवाय किमतीचे बोलणे करायचे नाही, असे ठरवले. ओळखीच्या दोघांकडच्या सह्या केलेल्या प्रती पाहून घेतल्या. फोटोवरून छापलेली सही भिंगाखाली धरली की बहुधा ठिपक्यांची जाळी दिसते. पेनाची शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरते, आणि पान दिव्यासमोर तिरपे धरले तर मागच्या बाजूला रेघांचा उठाव जाणवतो.

मुखपृष्ठाचा आग्रह काहींना विचित्र वाटला. कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकलेले, पोटापाण्यासाठी जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शन करणारे. ‘क्लिअरिंग हाउस’च्या पुस्तकांची मुखपृष्ठे त्यांनीच रचलेली. सोबतचे गीव्ह पटेल कवी तसेच चित्रकारही. अशा मंडळींच्या पुस्तकाचे कव्हर फाडून त्याला ग्रंथालयी पुठ्ठाबांधणी केलेली असेल, तर आत सही असूनही माझ्या लेखी ती प्रत अर्धीच. बाजार सहीचे पैसे लावतो. मला मात्र वाटते की सही करायला क्षणभर लागतो, मुखपृष्ठावर त्यांनी जीव ओतलेला असतो. १९७७ साली या पुस्तकाला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, त्यामुळे मागणी कायम आहे, आणि २००४ साली कोलटकर गेल्यामुळे नव्या सह्यांचा प्रश्नच उरलेला नाही.

अखेर प्रत सापडली ती दादरला, जाहिरात संस्थेच्या कलाविभागातून निवृत्त झालेल्या एका काकांच्या घरी. त्यांनी पुस्तक बटर पेपरमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले होते. ते बाहेर काढण्यापूर्वी त्यांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून खिडकीत नेऊन ठेवला आणि म्हणाले, “चहा नंतर. आधी हात पुसा.” कणा उन्हाने फिकटला होता, खालचा कोपरा दुमडलेला होता, पण मुखपृष्ठ मूळचे होते आणि आत ‘क्लिअरिंग हाउस’ व १९७६ जिथल्या तिथे होते. सहीवर भिंग धरले, तेव्हा दोन रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे शाई गडद झालेली स्पष्ट दिसली. मग मी ओळखीच्यांकडच्या सह्यांचे फोटो काढून एकेक वळण जुळवून पाहिले.

व्यवहार १४,००० रुपयांना ठरला. पुस्तक कुठे आणि केव्हा सही करून मिळाले ते काकांनी साध्या कागदावर लिहून दिले. सहीच्या वर काकांचे नाव होते, आणि अनोळखी माणसाच्या नावे दिलेल्या प्रतीला काही विक्रेते कमी भाव देतात हे त्यांच्या कानावर आलेले असावे, कारण पुस्तक पुन्हा गुंडाळता गुंडाळता त्यांनी संकोचून विचारले, “माझं नाव तेवढं खोडून देऊ का? ब्लेडने अलगद निघेल.” मी घाईघाईने पुस्तक त्यांच्या हातून काढून घेतले, कारण सही खरी असल्याचा माझ्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा तेच नाव होते.