पुरावा

निपाणीहून आलेल्या काकांनी खुर्चीत टेकायच्या आधीच पिशवीतून औषधाची जुनी बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. तळाशी सकाळचा कफ. "पुरावाच आणलाय बघा, बाई. ना खाली जातंय, ना वर येतंय."

कफ बांधून आणणारे पेशंट आम्हा नाक-कान-घसावाल्यांना नवे नाहीत. मला राग आला तो फाईलचा. सायनसचे एक्सरे, छातीचा सीटी, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स. कफ पांढरा, पातळ, अंगात ताप नाही, तरी! आमच्या भागात 'घशात कफ' म्हणायचा अवकाश, मेडिकलवालासुद्धा ॲझिथ्रोमायसिनची पट्टी काढून देतो. कारण मात्र सगळ्यांनी एकच धरलेलं: जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, तिथली धूळ. वखार सुटूनही काळ लोटला होता, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आवाज बसलेला नव्हता. गिळताना दुखणं, कानात ठणका, थुंकीत रक्त, मानेला गाठ, वजन उतरणं, काही नाही. तरी तंबाखूत वावरलेल्या माणसाचा घसा आतून बघितल्याशिवाय मी सोडत नाही.

नाकात लिग्नोकेनचा, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचा बोळा ठेवून थांबायचं. इथं घाई केली की पेशंट ओकाऱ्या काढतो आणि लेन्सवर नुसती लाळ दिसते. मग पेन्सिलीहून बारीक, लवचिक दुर्बीण नाकातून पडजिभेमागे, तिथून खाली. मागे ओघळणारा पू नाही. गाठ, व्रण नाही. फक्त स्वरयंत्राची अन्ननलिकेकडची बाजू सुजट. "काका, पडद्याकडं बघत आता खाकरा." खाकरले. दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटले. परत, परत. खाकरलं की सूज, सुजेमुळं काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, म्हणून पुन्हा खाकरणं. नाक-घशात रोज लिटरभर तरी स्राव तयार होतो. आपण तो नकळत गिळतो. काकांना तो जाणवायला लागला होता, एवढंच.

खरी माहिती काकूंनी दिली. "भजन सुटतंय साडेधाला. मग जेवण, आणि लगीच आडवं." भरल्या पोटी आडवं झालं की पित्त घशाकडं चढू शकतं.

जेवण झोपेच्या तीन तास आधी, खाटेची डोक्याकडची बाजू उंच, खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट. एवढंच लिहून दिलं. काकांचा चेहरा पडला. "एवढ्या लांबनं आलो आणि गोळी न्हाई?" तंबाखूच्या भावासाठी 1981 साली झालेल्या निपाणीच्या आंदोलनात हायवेवर बसलेला माणूस, सहजी उठतोय होय! पण असल्या घशाला पित्ताची गोळी मी सरसकट देत नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत लॅन्सोप्रेझोल ही पित्ताची गोळी अशा घशाला खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. आमचे कित्येक जण तरीही तसलीच पँटोप्रेझोल महिनोन् महिने चालू ठेवतात. पेशंट खूश, वाद नाही.

पुढच्या खेपेला काका बाटलीविना आले. निम्म्याहून जास्त बरं वाटतंय म्हणाले. मी खुलणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, भजनाआधी जेवतात खरं, पण ज्येष्ठमधाचा काढा पण चालू आहे, आणि मेडिकलमधनं आणलेली पित्ताची गोळीसुद्धा.

"कशानं बरं वाटलं, काका?"

"काढा की ओ!"

केसपेपरवर मी 'सुधारणा' लिहिलं. कारणापुढची जागा अजून कोरी आहे.