डीएमनंतर आणखी एक वर्ष: न्यूरोफिजिऑलॉजी फेलोशिपचा माझा अनुभव

डीएम न्यूरॉलॉजी, म्हणजे एमडीनंतरची मेंदू आणि नसांच्या आजारांची पदवी, पदरात पडल्यावर सरळ नोकरी धरायची सोडून मी क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीची, म्हणजे मेंदू, नसा आणि स्नायूंतले विद्युत संकेत मोजून वाचण्याच्या शास्त्राची, वर्षभराची फेलोशिप घेतली. सासूबाईंचा प्रश्न रास्त होता, "अगं, मेंदूचं सगळं शिकून झालं म्हणाली होतीस ना?" झालं होतं. पण डीएमची तीन वर्षं ओपीडी, वॉर्ड आणि स्ट्रोकच्या कॉलमध्ये जातात, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून त्याचे विद्युत संकेत तपासणं) शिकायचं ते येता-जाता. ब्रिटनमध्ये ही स्वतंत्र शाखा आहे, अमेरिकेत १९९२ पासून वेगळी बोर्ड परीक्षा आहे. आपल्याकडे मात्र न्यूरॉलॉजिस्टला हे येतच असणार, असं सगळे धरून चालतात.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात रुजू झाले. सुरुवातीला रिपोर्टला हात लावू दिला नाही, टेक्निशियन मॅडमच्या हाताखाली टेप देऊन उभं केलं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घ्यायचं, १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या, त्वचा घासायची, पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवायचे. "केस धुऊन, तेल न लावता या" असं चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं, तरी कितीतरी पेशंट चापूनचोपून तेल लावून येतात. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं नको? त्यात मुंबईचा घाम. घामाने ईईजीची रेघ वरखाली तरंगायला लागते, म्हणून एसी वाढवायचा.

तोच एसी शेजारच्या नर्व्ह कंडक्शनच्या, म्हणजे नसेतून संकेत किती वेगाने जातो ते मोजण्याच्या, टेबलावर वैरी ठरतो. हात एक अंशाने थंडावला की नसेतला वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने घटतो. एका आजींचा हात २७ अंशांवर होता. वेग कमी, लेटन्सी (संकेत पोचायला लागणारा वेळ) लांबलेल्या. नुसता कागद बघणारा न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा आजार, लिहून मोकळा झाला असता. पण सेन्सरी (संवेदना नेणाऱ्या) नसांच्या वेव्ह चांगल्या उंच होत्या. "वेग कमी आणि उंची भरपूर दिसली की आधी थर्मामीटर बघायचा," मॅडमनी बजावलंच होतं. कोमट पाण्यात हात ठेवून ३२ च्या वर आणला आणि सगळे आकडे जागेवर आले.

ईएमजीत डोळ्यांइतकाच कान लागतो. सैल सोडलेल्या स्नायूत सुई स्थिर असताना मशीन गप्प असायला हवं. फिब्रिलेशन, म्हणजे नसेशी संबंध तुटलेल्या स्नायुतंतूंचे आपोआप उठणारे संकेत, असेल तर पत्र्यावर थेंब पडल्यासारखी एकसारखी टपटप ऐकू येते. पण ती नस तुटल्यावर लगेच येत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. ऑर्थोवाले दुसऱ्याच दिवशी फोन करतात, "सुई टोचून सांगा ना काय ते." त्यांना "थांबा" म्हणणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे, फक्त तो छापलेला नसतो.

मला विचाराल तर या वर्षाची खरी कमाई म्हणजे ठामपणे "नॉर्मल" लिहिता येणं. पन्नाशीचे एक ट्रकचालक आले. उभ्या-उभ्या दोनदा कोसळलेले. बाहेरच्या ईईजीत टेम्पोरल स्पाइक्स (कानशिलाकडच्या भागातल्या टोकदार लहरी), म्हणून मिरगीच्या गोळ्या सुरू, गाडी बंद. सरांनी तोच ईईजी स्क्रीनवर लावला आणि विचारलं, पेशंट पूर्ण जागा आहे का? टोकामागे स्लो वेव्ह आहे का? आजूबाजूची लय बिघडली आहे का? तिन्हींचं उत्तर नाही. त्या विकेट स्पाइक्स होत्या, तिशीनंतर पेंगताना दिसणाऱ्या, निरुपद्रवी. कोसळण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आणि दरदरून घाम यायचा, हे त्यांना नीट कुणी विचारलंच नव्हतं. मेंदूऐवजी तपास हृदयाकडे आणि रक्तदाबाकडे वळला. ईईजी कमी वाचल्याने होतं तितकंच नुकसान जास्त वाचल्यानेही होतं, पण दुसऱ्याची ओरड होत नाही.

आयसीयूतले रात्रीचे ईईजी, मणक्याच्या ऑपरेशनमधलं मॉनिटरिंग, शेवटची परीक्षा हे सगळं झालं. त्यात नवल काही नाही.

अर्ज करणाऱ्यांनी संस्थेचं नाव बघून भुलू नये. आधीच्या फेलोला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: ईएमजीची सुई स्वतःच्या हातात किती वेळा येते, आणि ईईजी वाचताना शेजारी कोणी वरिष्ठ रोज बसतं का. दुसऱ्याचं उत्तर "कधीतरी" असेल तर दुसरी जागा बघा. स्टायपेंडचं तेव्हाच विचारून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.