लेटी मॅगसानोक

आज दुपारभर फिलिपिन्सच्या संपादिका लेटी हिमेनेझ मॅगसानोक यांच्याबद्दल वाचत बसले. उठवेचना.

१९८१ साली फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोसच्या शपथविधीवर बोचरा लेख लिहिला म्हणून 'पॅनोरमा' साप्ताहिकाचं संपादकपद गेलं. दुसरं कुणी गप्प बसलं असतं. पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर विरोधी नेते निनॉय अक्विनोंची हत्या झाली. अंत्ययात्रेला लाखो माणसं लोटली आणि मोठ्या दैनिकांनी ती जवळपास दडवली! तेव्हा युजेनिया अपोस्तोल यांच्या 'मिस्टर अँड मिस' या बायकांच्या नियतकालिकाने विशेष अंक काढला. मग त्या विशेष अंकाची साप्ताहिक आवृत्तीच सुरू झाली, संपादक मॅगसानोक. जे कुणी छापत नव्हतं ते या दोघींनी छापलं. हे वाचताना अंगावर काटा आला.

१९९१ पासून त्या 'फिलिपिन डेली इन्क्वायरर'च्या मुख्य संपादक होत्या. १९९९ मध्ये अध्यक्ष एस्त्रादांच्या काळात मोठ्या जाहिरातदारांनी पाठ फिरवली, तरी पेपर वाकला नाही. माझ्या मते हा प्रसंग जास्त कठीण, कारण तिथे सहकाऱ्यांचे पगारही पणाला लागलेले असतात.

२४ डिसेंबर २०१५ ला त्या गेल्या, तेव्हाही त्याच पदावर होत्या. पत्रकारिता शिकणाऱ्या आपल्या मुलींनी त्यांच्याबद्दल जरूर वाचा.