टब १: मरतूक दुपारीच का, ते आज कळलं

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की टबांतल्या टॅडपोलची (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांची) मरतूक उन्हाने होतेय, ५० टक्क्यांची शेडनेट लावली की थांबेल. थांबली नाही. पाणी ३४ वरून ३० अंशांवर आलं, एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा) रात्रंदिवस चालू, तरी आठ दिवसांत टब १ मधले ६० पैकी २३ टॅडपोल गेले. सगळे गॉस्नर (टॅडपोलच्या वाढीचे टप्पे) ३० ते ३५ मधले, मागचे पाय नुकते फुटलेले. आणि गेले ते दुपारी दोन ते पाच या वेळातच. सकाळी सातला पाहावं तर सगळे तळाचं शेवाळ खरवडत मजेत.

दोष ऑक्सिजनचा नाही, हे लवकर कळलं होतं. शेवाळाचं हिरवं पाणी रात्रभर ऑक्सिजन खातं, म्हणजे तो कमी पडला असता तर पहाटे मेले असते. अमोनिया दोन्ही टबांत सारखाच, १ पीपीएम. मग टब २ मध्ये फक्त ३ का मेले? अंड्यांची माळ एकच, जुळे सोलापूर भागातल्या त्याच मोकळ्या प्लॉटच्या डबक्यातली. खायला पालकाची भाजी तेवढीच, सावली तेवढीच.

फरक पाण्यात होता. टब १ ला मी मुद्दाम गच्चीवरचं निव्वळ पावसाचं पाणी दिलं. टब २ च्या वेळी पिंप संपलं, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून नाइलाजाने निम्मं बोअरचं घातलं. टीडीएस (विरघळलेले क्षार) १३०० चं पाणी! ते टॅडपोल जगणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो.

आज प्रथमच पीएच दुपारी तीनला मोजला. आजवर रोज सकाळीच मोजत होतो, कारण आंघोळीआधी तेवढाच निवांत वेळ. टब १: सकाळी ७.४, दुपारी ९.२. टब २: सकाळी ७.९, दुपारी ८.३. आकडे वहीत लिहिताना हात थरथरला.

ऊन चढलं की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच वर जातो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ती उडी आवरतात. पावसाच्या पाण्यात आवरायला काही नसतंच. किट जो अमोनिया दाखवतं तो सगळा विषारी नसतो. ३० अंशांना, ७.५ पीएचला त्यातला जेमतेम अडीच टक्के विषारी रूपात असतो. ९ ला ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सकाळचा तोच १ पीपीएम दुपारी जीव घेत होता. पाणी तापलं की हा वाटा आणखी वाढतो, त्यामुळे ऊन अगदीच निर्दोष नाही.

पीएचच्या पट्ट्यांवर पैसे घालू नका. ८ आणि ९ चा रंग त्यांच्यावर मला सारखाच दिसला. थेंबांचं किट महाग पडतं, पण हा सगळा उलगडा त्यानेच झाला.

पालक निम्म्यावर आणलाय, वर तरंगलेला तुकडा तासाभरात काढतो. टब १ चं तिसरा हिस्सा पाणी रोज बदलायचं, त्यात बोअरचं मिसळून, असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता सुचलं: आधी खात्री करू. उद्या पाणी न बदलता टब १ वर जुनी सोलापुरी चादर दुहेरी घालतो. उजेड नाही तर शेवाळाचं काम बंद. पीएच चढला नाही आणि मरतूक थांबली, तर निदान पक्कं. एअरस्टोन मात्र चालूच, कारण अंधारात शेवाळ ऑक्सिजन देणार नाही, घेईल.

आनंदाची गोष्ट टब २ मध्ये घडली. २७ व्या दिवशी एकाचा पुढचा पाय बाहेर आला, गॉस्नर ४२! आदल्या रात्री कातडीखाली कोपर टेकलेलं दिसत होतं. सकाळी डावा पाय बाहेर, तासाभराने उजवा. लगेच तिरका दगड ठेवला. आता त्याला हवेत श्वास घ्यावा लागणार, चढायला जागा नसेल तर तो बुडेल. शेपूट अजून लांब आहे. मी पाऊण तास तिथेच बसून होतो.

दुसऱ्या दिवशीची भर: चादरीखाली तीन वाजता पीएच ७.५, तापमान २९, अमोनिया तोच १. मेलेला एकही नाही.

मग राहवलं नाही, किट घेऊन प्लॉटवरच्या मूळ डबक्यावर गेलो. भर उन्हात, सावलीचा पत्ता नाही, म्हशी बसून उठलेल्या, आणि काठाला शेकडो टॅडपोल ठणठणीत. पीएच ८.१. पाणी काळ्या मातीने इतकं गढूळ की बोटभर खालचं दिसत नव्हतं. उजेडच खाली जात नसणार. इतके दिवस मी टबाचं पाणी नितळ राहावं म्हणून धडपडतोय! बोअरचं पाणी मिसळायचा बेत आता बाजूला ठेवला. आधी त्याच डबक्यातला बादलीभर गाळ आणून टब १ मध्ये कालवतो, आणि तीन वाजता पुन्हा मोजतो.